जुन्या ट्रकमध्ये स्कॅनर नेमका कुठे लावायचा?

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, भरलेली गाडी चढावर दम खाऊ लागली, म्हणून स्कॅनरवाल्याला बोलावले. त्याने स्टिअरिंगखाली हात घातला, सोळा पिनांचा कपलर चाचपला, केबल लावली आणि पडद्यावर उमटले: संपर्क होत नाही. इथून पुढे बहुतेक गॅरेजांत दोनच निष्कर्ष निघतात. स्कॅनर बिघडला, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, उडाला. जुन्या ट्रकच्या बाबतीत हे दोन्ही निष्कर्ष बरेचदा घाईचे ठरतात. लावलेला कपलर दुसऱ्याच यंत्रणेचा असतो, किंवा कपलर बरोबर असतो पण त्यातून ईसीएम वेगळ्याच भाषेत बोलत असतो, किंवा त्या इंजिनात वाचण्यासारखा ईसीएमच नसतो. चांगला ईसीएम काढून महागडा नवा बसवला आणि बिघाड तसाच राहिला, तर मालकाचा महिना वाया जातो. त्याआधी अर्धा तास टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन बसणे केव्हाही स्वस्त.

आधी गाडीची ओळख

पहिला प्रश्न कपलरचा नाहीच. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे का, हा पहिला प्रश्न. आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपवर उत्सर्जनाचा निकष लिहिलेला असतो, तो बघा. २०१० साली देशातल्या तेरा शहरांत बीएस-४ आले. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होती, नागपूर नव्हते. इथे त्या वर्षापासून बीएस-३ लागू झाले. देशभर बीएस-४ आले १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. म्हणून नागपूरच्या एमएच-३१, ४० किंवा ४९ पासिंगचा २०१७ च्या आधीचा ट्रक समोर आला, तर तो बीएस-३ किंवा त्याहून जुना असण्याची शक्यता मोठी आहे. आणि बीएस-३ च्या काळात एकाच कंपनीच्या दोन गाड्यांपैकी एकीत साधा इनलाइन पंप आणि दुसरीत कॉमन रेल असे सर्रास होते.

आरसीवर नोंदणीची तारीख आणि बनावटीचा महिना वेगवेगळे असतात. उपयोगाचा तो बनावटीचा महिना. चेसिस नंबर सतरा अक्षरी असेल तर त्याची पहिली तीन अक्षरे बनवणारी कंपनी सांगतात: एमएटी म्हणजे टाटा, एमबी१ म्हणजे अशोक लेलँड, एमसी२ म्हणजे आयशर, एमईसी म्हणजे भारतबेंझ. दहावे अक्षर साधारणपणे वर्षाचे असते. ए म्हणजे २०१०, मग ओळीने एच म्हणजे २०१७. आय हे अक्षर वापरत नाहीत, त्यामुळे २०१८ साठी जे येते. तरीही कागदावर थांबू नका. दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीत इंजिन बदललेले असू शकते, म्हणून इंजिनावर कोरलेला नंबर आरसीशी ताडून पाहा.

खरी साक्ष इंजिनाची. केबिन उचला किंवा बोनेट उघडा आणि नोझलकडे बघा. प्रत्येक इंजेक्टरवर किंवा टॅपेट कव्हरच्या कडेला विजेच्या वायरी जात असतील, पंपातून निघालेला जाड पाइप एका आडव्या नळीला मिळत असेल आणि त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरला पोलादी पाइप फुटत असेल, तर ती कॉमन रेल. तिथे ईसीएम असणारच. उलट पंपातूनच प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप जातो, नोझलला एकही वायर नाही आणि ॲक्सिलरेटरची दांडी किंवा केबल थेट पंपाच्या लिव्हरला जोडलेली आहे, तर ते यांत्रिक इंजेक्शन. अशा गाडीला इंजिनचा कपलर शोधत बसू नका, तो बसवलेलाच नाही. धूर किंवा ताकदीची तक्रार असेल तर फिल्टर, फीड पंप, टायमिंग, टर्बोचे होज पाइप आणि पंपाचे कॅलिब्रेशन हाच तपासाचा रस्ता.

या दोहोंच्या मधला एक गट फसवतो. पंप यांत्रिक, पण ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) चालवायला छोटा कंट्रोलर. बीएस-४ च्या काळात बहुतेक कंपन्या धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या टाकीकडे गेल्या, अशोक लेलँडने मात्र मोठ्या इंजिनांत ईजीआरचाच एक प्रकार, आयईजीआर, वापरला. त्यामुळे 'युरियाची टाकी नाही म्हणजे गाडी जुनी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काही नाही' हा हिशोब चुकतो. ॲक्सिलरेटर पॅडलच्या वर बघा. तिथून वायरींचा झुबका निघत असेल तर गाडीत कुठेतरी कंट्रोलर आहे.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना रेलचा नट सैल करून 'डिझेल येते का' बघण्याची जुनी सवय इथे जीवावर बेतते. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

बारा की चोवीस

टाटा एससारख्या छोट्या गाड्यांत १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट. मधल्या टनेजच्या गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात, म्हणून अंदाज न करता मोजा. इंजिन बंद असताना चांगल्या २४ व्होल्टच्या जोडीवर २५ च्या आसपास दिसते, चालू असताना साधारण २७ ते २८.५.

कारसाठी मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल, ज्यांना बाजारात ईएलएम३२७ म्हणतात, ते १२ व्होल्टच्या हिशोबाने बनवलेले असतात. त्यातला बारीक रेग्युलेटर २८ व्होल्टवर तापतो आणि कधी जागच्या जागी जळतो. समजा टिकला, तरी कारचे ॲप जो प्रश्न विचारते तो ट्रकच्या ईसीएमला कळेलच असे नाही. मोठ्या इंजिनांची बोली बहुतेक जे१९३९ असते. तिच्यात बिघाड कारसारखा पी-कोडमध्ये येत नाही, एसपीएन आणि एफएमआय अशा दोन आकड्यांत येतो: कोणता भाग आणि त्याला काय झाले. कारचे डोंगल ट्रकला लावू नका, यापेक्षा सौम्य शब्दांत हे सांगता येत नाही.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायलाही विसरू नका. टेप किंवा मोबाइल चार्जर चालवायला मधल्या जोडावरून १२ व्होल्ट ओढलेले असतात, त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहते. एकीवर १२.६ आणि दुसरीवर ११.८ असेल, तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते आणि स्कॅनरचा संपर्क अधूनमधून तुटतो. दोष कपलरचा वाटतो, असतो बॅटरीचा.

आकार ओळखा, पण आकारावर विश्वास ठेवू नका

भारतीय ट्रकमध्ये सर्वांत जास्त भेटतो तो कारसारखाच सोळा पिनांचा, एका बाजूने निमुळता कपलर. याचे दोन प्रकार आहेत. पिनांच्या दोन ओळींच्या मधोमध जी आडवी खाच असते ती सलग असेल तर तो ए प्रकार, १२ व्होल्टसाठी. खाच मध्येच तुटलेली, म्हणजे दोन तुकड्यांत असेल तर तो बी प्रकार, २४ व्होल्टसाठी. कारची केबल बी प्रकारात पूर्ण बसत नाही. ती बसू नये म्हणूनच खाच तोडलेली असते. केबल अडते आहे म्हणून ठोकून बसवणे म्हणजे ती सूचनाच मोडून टाकणे. मात्र उलटे गृहीत धरू नका: जुन्या २४ व्होल्टच्या गाडीत सलग खाचेचा कपलरही निघू शकतो, म्हणून मीटर लागतोच.

पिनांचे नंबर असे मोजायचे. गाडीतला कपलर तुमच्याकडे तोंड करून, रुंद बाजू वर. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. चौथी पिन चेसिसची अर्थ, पाचवी सिग्नलची अर्थ, सोळावी बॅटरीचा थेट प्लस. सहावी कॅन-हाय, चौदावी कॅन-लो; कॅन म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाईन. सातवी के-लाईन, म्हणजे एका वायरीची जुनी डेटा लाईन, पंधरावी एल-लाईन. १, ३, ८, ९, ११, १२ आणि १३ या पिना कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत, आणि जुन्या ट्रकचा घोळ तिथेच होतो. एखाद्या गाडीत एबीएस यातल्या एका पिनेवर असतो, दुसरीत दुसरे कॅन असते, तिसरीत काहीच नसते. साचा तोच, आतली जोडणी वेगळी.

म्हणून केबल लावण्याआधी टॉर्च मारून कपलरच्या आत बघा. कोणत्या खणांत धातूची पिन आहे आणि कोणते खण रिकामे आहेत, एवढे पाहिले तरी अर्धे उत्तर मिळते. ४, ५, ७ आणि १६ भरलेले, ६ आणि १४ रिकामे, तर गाडी के-लाईनची आहे. फक्त कॅन समजणारा स्कॅनर तिथे दिवसभर लावून ठेवला तरी बोलणार नाही. ६ आणि १४ भरलेले असतील तर कॅनची शक्यता. ४ आणि १६ सोडून सगळे रिकामे असतील, तर हा कपलर कुणीतरी फक्त करंट घ्यायला लावलेला असू शकतो, किंवा हार्नेस (वायरींचा झुबका) अनेक मॉडेलांना सामायिक असल्यामुळे कपलर आला आणि वायरी आल्या नाहीत.

दुसरा प्रकार गोल, नऊ पिनांचा, फिरवून बसणारा. आयात केलेल्या मोठ्या मशिनरीत आणि अमेरिकी घडणीच्या इंजिनांवर हा भेटतो. उमरेड-सावनेरकडच्या कोळसा पट्ट्यात काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो अनोळखी नसावा. त्यात ए पिन अर्थ, बी पिन बॅटरी प्लस, सी कॅन-हाय, डी कॅन-लो, ई शिल्ड, एफ आणि जी जे१७०८ या जुन्या डेटा लाईनचे. काळ्या रंगाचा असेल तर जे१९३९ चा वेग २५० किलोबिट, हिरवा असेल तर ५००. हिरव्या केबलचे तोंड दोन्हीत बसते, काळ्या केबलचे हिरव्यात बसत नाही. याच घराण्यातला सहा पिनांचा गोल कपलर त्याहून जुना. त्यात फक्त जे१७०८, म्हणजे ए आणि बी या डेटाच्या, सी प्लस आणि ई अर्थ. त्यावर कॅनची अपेक्षा ठेवू नका.

तिसरा, सहसा नजरेतून सुटणारा, कमिन्सच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर थेट इंजिनाच्या हार्नेसमध्ये असतो: तीन पिनांचा त्रिकोणी कपलर, टोपण लावलेला. ए कॅन-हाय, बी कॅन-लो, सी शिल्ड. यात बॅटरीचा करंट येत नाही, त्यामुळे ॲडॅप्टरला वेगळा सप्लाय द्यावा लागतो. 'लावला पण ॲडॅप्टरचा दिवाच लागत नाही' असे इथे झाले तर ते बिघाडाचे लक्षण नाही. त्याच आकाराचा, पण मागे वायर नसलेला बंद गट्टू दिसला तर तो टर्मिनेशन रेझिस्टर, म्हणजे कॅन लाईनच्या टोकाचा रेझिस्टर आहे. तो काढला तर परत लावा.

हात कुठे घालायचा

ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, स्टिअरिंग कॉलमच्या दोन्ही बाजू. मग फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे, जो पुष्कळ ट्रकमध्ये क्लीनर साइडला डॅशबोर्डच्या वर किंवा खाली असतो. मग मधल्या इंजिन कव्हरजवळचे छोटे झाकण. जुन्या नाकाड्या गाड्यांत फायरवॉलच्या आतल्या बाजूला, रिलेंच्या रांगेखाली.

नागपुरात, आणि खरे तर सगळ्या विदर्भात, एक अडचण वरचेवर येते. गाडी नुसती चेसिस म्हणून घेतलेली असते आणि केबिन स्थानिक बॉडी बिल्डरने बांधलेली असते. कंपनीने कपलर हार्नेसला लटकवून दिला, बिल्डरने त्यावर प्लायवूड मारले, वर रेक्झिन चढवले, त्यावर देवाचा फोटो आणि स्पीकर. अशा वेळी डॅशबोर्ड उचकटण्याआधी हार्नेसचा माग काढा. ईसीएमपासून किंवा मीटरच्या मागच्या बाजूने जाड झुबका फ्यूज बॉक्सकडे कुठून जातो ते बघा. डायग्नोस्टिकची फांदी बहुधा त्याच झुबक्यातून एखाद-दीड हात अंतरावर फुटते. पिळलेल्या दोन वायरींची जोडी ही कॅनची सर्वांत ठळक खूण. वायरींच्या रंगावर मात्र जाऊ नका. कंपनीगणिक, मॉडेलगणिक रंग बदलतो, आणि मधे एखाद्या वायरमनने हाताशी होती ती वायर जोडलेली असते.

हे काम मे महिन्यात दुपारी करू नका. पारा ४५ च्या पुढे असतो, केबिन त्याहून तापते, आणि बारा वर्षे उन्हात भाजलेले प्लास्टिक क्लिप दाबताच तुटते. सकाळी लवकर हात घातला तर कपलर शाबूत राहतो.

फसवे कपलरही ओळखून ठेवा. एबीएसचा कपलर वेगळा असू शकतो आणि त्यावर फक्त एबीएसच बोलतो. नंतर बसवलेल्या स्पीड गव्हर्नरला आणि जीपीएसच्या डब्याला स्वतःचे कपलर असतात. केबिनच्या मागे बाहेर असलेले गोल सॉकेट ट्रेलरच्या दिव्यांचे किंवा ब्रेकचे असते, त्याचा निदानाशी संबंध नाही.

केबलच्या आधी मीटर

लागते ते इतकेच: डिजिटल मल्टिमीटर, २४ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब होल्डरसकट, आणि कपलरच्या मापाच्या दोन सुट्या मेल पिना. मीटरची जाड टोके कपलरच्या खणात खुपसू नका. पिन फाकते, आणि नंतर स्कॅनरची केबल सैल बसते. आज सापडला नाही तो बिघाड उद्या तुम्हीच तयार केलेला असतो.

सुरुवात सप्लायपासून. चाव्या बंद असतानाही १६ आणि ४ मध्ये बॅटरीइतके व्होल्टेज यायला हवे. काहीच नसेल तर डायग्नोस्टिकचा फ्यूज आणि बॅटरीचा मेन स्विच बघा. व्होल्टेज आले म्हणून खूश होऊ नका, त्याच दोन पिनांवर बल्ब लावा. मीटर इतका कमी करंट ओढतो की वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण २५ व्होल्ट दाखवतो. बल्ब मंद लागला की खरी परिस्थिती कळते. बल्ब चालू ठेवून मीटरचा लाल ४ नंबरवर आणि काळा थेट बॅटरीच्या मायनसवर लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर केबिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी बघा. केबिन रबराच्या माउंटिंगवर बसलेली असते, तिची अर्थ त्या एका पट्टीवर अवलंबून असते, आणि गंज तिथेच चढतो.

बल्ब फक्त प्लस आणि अर्थवर. डेटाच्या पिनेला बल्बचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. कॅनचा ड्रायव्हर इतका करंट द्यायला बनवलेला नाही.

मग कॅनचा रोध. चावी बंद करा आणि बॅटरीचा मायनस काढा, पण युरियाच्या गाडीत लगेच नाही. चावी बंद केल्यावर पंप लाईनमधला युरिया मागे ओढतो, त्याला काही मिनिटे लागतात. घाई केली तर युरिया पाइपात आणि नोझलमध्ये खडा होऊन बसतो. पाचेक मिनिटे थांबा, मग मायनस काढा आणि ६ व १४ मध्ये ओहम मोजा. नऊ पिनी असेल तर सी आणि डी.

६० ओहमच्या जवळ आले तर उत्तम. लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, समांतर जोडणीत त्यांचे ६० होतात. १२० आले तर एक टोक तुटले आहे किंवा एक रेझिस्टर कुणी काढून ठेवला आहे. अशी गाडी कधी बोलते कधी गप्प बसते, आणि याच बिघाडात लोक सर्वांत जास्त ईसीएम बदलतात. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. कॅनला जोडलेल्या जीपीएसच्या डब्यावर आधी संशय घ्या. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. मीटरने काहीच दाखवले नाही तर वायर तुटली आहे, किंवा या पिना कॅनच्या नाहीतच.

बॅटरी जोडून चावी ऑन करा. आता ६ ते अर्थ आणि १४ ते अर्थ व्होल्टेज घ्या. हाय अडीचपेक्षा थोडे वर, लो अडीचपेक्षा थोडे खाली, दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास. आकडे किंचित हलत असतील तर लाईनवर बोलणे चालू आहे. दोन्ही शून्य असतील तर ईसीएमला चावीचा करंट पोहोचत नाही किंवा लाईन अर्थला चिकटली आहे. एखाद्या पिनेवर बॅटरीइतके व्होल्टेज दिसले तर स्कॅनर लावूच नका. एकतर प्लसची वायर चिकटली आहे, किंवा तो कपलर वेगळ्याच जोडणीचा आहे.

के-लाईनची गोष्ट उलटी. सातव्या पिनेवर चावी ऑन असताना बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज असणे हेच नेहमीचे, कारण ही लाईन वर ओढून ठेवलेली असते आणि बोलताना खाली येते. काही गाड्यांत हे व्होल्टेज स्कॅनर जोडल्यावरच दिसते, म्हणून नुसत्या मीटरवर शून्य आले की लगेच लाईन तुटल्याचे ठरवू नका. ईसीएमच्या कपलरपासून सातव्या पिनेपर्यंत कंटिन्युइटी घ्या.

सगळे ठीक आहे, तरी बोलत नाही

चावी नुसती ॲक्सेसरीवर नको, पूर्ण ऑन हवी. मग स्कॅनरमध्ये निवडलेले मॉडेल बघा. बीएस-३ आणि बीएस-४ ची नावे एकसारखी असली तरी आतला ईसीएम वेगळा असतो; इंजिनावरची प्लेट बघून निवडा, डोअरवरचे नाव बघून नको. वेग २५० चा ५०० करून पाहा. नंतर जोडलेल्या सगळ्या डब्यांचे कपलर एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी पुन्हा जोडून बघा. जीपीएस काढताच गाडी बोलू लागणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. निदानाच्या दोन वायरी सोलून, पिळून, वर टेप मारलेला जोड दिसला तर तो सोल्डर करून स्लीव्ह चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोराडी-खापरखेड्याची राख आणि खाणीतला कोळसा वाहणाऱ्या गाड्यांत कपलरची टोपी हरवलेली असली की खणात भुकटी दाबून बसते, पावसाळ्यात ओलावते आणि पिनांवर हिरवट थर येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा आणि कोरडे होऊ द्या. सँडपेपर नको, पिनेवरचा मुलामा निघून गंज दुप्पट वेगाने येतो. बॉडीला वेल्डिंग झाल्यानंतर गाडी गप्प झाली असेल, तर वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढले होते का, हे आधी विचारा.

स्कॅनरविना कोड

पुष्कळ जुन्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांना दिव्यावरून बोलता येते. कमिन्सच्या ज्या इंजिनांना डॅशबोर्डवर डायग्नोस्टिक स्विच दिलेला आहे, तिथे इंजिन बंद, चावी ऑन आणि स्विच ऑन केला की आधी पिवळा दिवा लुकलुकतो, मग लाल दिवा आकडे मोजून दाखवतो. दोन वेळा, थांबा. तीन वेळा, थांबा. पाच वेळा, म्हणजे २३५. पुन्हा पिवळा, आणि तोच कोड परत. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर शांतपणे मोजा, कारण उभ्या उन्हात दिव्याचे लुकलुकणे हमखास चुकते. एबीएसलाही बहुधा असाच बटणाचा रस्ता असतो. कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पुसल्यावर बिघाड परत येईपर्यंत तपासायला काहीच उरत नाही, आणि तोपर्यंत गाडी जबलपूरच्या वाटेवर असते.

कपलर सापडला, बोलला, की एक काम उरते. त्याचा आणि भरलेल्या पिनांचा फोटो काढा, कोणत्या पिनांवर काय मिळाले आणि कोणता वेग चालला ते पर्मनंट मार्करने फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून लिहा, आणि टोपी नसेल तर कपलर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड खाली करून टायने बांधा.